कचरा आणि चिपाड जाळणाऱ्या बॉयलरमधील नॉक्स कसा आटोक्यात ठेवावा

कोल्हापूर जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास कारखान्यांची धुराडी पेटतात आणि त्याच दिवसांत पंचगंगेच्या खोऱ्यातील हवा पहाटे जमिनीलगत बसू लागते, कारण खालची हवा वरच्या हवेपेक्षा थंड राहिली की धूर वर चढत नाही. म्हणजे वर्षातील सर्वाधिक इंधन आपण नेमके त्या महिन्यांत जाळतो ज्या महिन्यांत हवेची धूर वाहून नेण्याची ताकद सर्वांत कमी असते. धूळ आणि काजळी डोळ्यांना दिसते, त्यामुळे तिच्याविषयी ओरड होते. नायट्रोजन ऑक्साइडचे, म्हणजे बॉयलर हाऊसमधील सगळे ज्याला नुसते नॉक्स म्हणतात त्याचे, तसे नाही. चिमणीतून निघताना त्यातील नव्वद टक्क्यांहून अधिक भाग नायट्रिक ऑक्साइड असतो आणि तो रंगहीन असतो; बाहेर हवेत मिसळल्यावर त्याचे नायट्रोजन डायऑक्साइड होते आणि पुढे उन्हात ओझोन व सूक्ष्म नायट्रेट कण तयार होतात. चिमणी स्वच्छ दिसते म्हणून नॉक्स कमी आहे असे समजणे चुकीचे आहे. उलट, भरपूर हवा देऊन धूर पूर्ण नाहीसा केलेल्या भट्टीत तो बहुधा जास्तच असतो.

हे मार्गदर्शन साखर कारखान्यातील बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या, बॉयलरवर, इचलकरंजीच्या कापड प्रोसेस हाऊसमधील पांढऱ्या कोळशावर, म्हणजे भुसा दाबून केलेल्या कांड्यांवर, चालणाऱ्या बॉयलर किंवा थर्मोपॅकवर (तेल तापवणाऱ्या भट्टीवर) आणि वर्गीकृत कचऱ्यापासून केलेले इंधन, म्हणजे आरडीएफ, रीतसर संमती घेऊन जाळणाऱ्या भट्टीवर काम करणाऱ्यांसाठी आहे. उघड्यावर जाळलेल्या कचऱ्यासाठी यातील एकही उपाय लागू पडत नाही, कारण जिथे हवा मोजता येत नाही आणि तापमान धरून ठेवता येत नाही तिथे नियंत्रण हा शब्दच लागू होत नाही. तिथे न जाळणे एवढाच उपाय आहे, आणि राष्ट्रीय हरित लवादाने २२ डिसेंबर २०१६ रोजी उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई करून साध्या प्रकरणात ५,००० रुपये व मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवून दिली आहे.

बहुतेक ठिकाणी नॉक्सचा विषय निघाला की पहिली चौकशी युरियाच्या पंपाची, म्हणजे नॉक्स मोडण्यासाठी भट्टीत युरियाचे पाणी फवारणाऱ्या पंपाची, होते. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. आधी इंधनाचे यार्ड, मग धूर मोजणारे मीटर, मग हवेचे डॅम्पर (झडपा) आणि सर्वांत शेवटी युरिया, अशा क्रमाने गेल्यास पुष्कळदा पंप घ्यावा लागत नाही आणि घ्यावा लागलाच तर तो लहान पुरतो.

नत्र कोठून येतो

भट्टीत नॉक्स तयार होण्याच्या तीन वाटा आहेत. पहिली वाट हवेतील नत्राची. ज्वाला फार तापली, साधारणपणे १,३०० ते १,५०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेली, की हवेतील नत्र आणि प्राणवायू यांचा थेट संयोग होऊ लागतो आणि तापमान वाढेल तसा तो झपाट्याने वाढतो; याची रासायनिक साखळी सोव्हिएत शास्त्रज्ञ याकोव झेल्डोविच यांनी १९४० च्या दशकात मांडली. दुसरी वाट ज्वालेच्या अगदी मुळाशी घडणाऱ्या क्षणिक अभिक्रियांची आहे, पण आपल्या कामात तिचा वाटा किरकोळ असतो. तिसरी वाट इंधनातच असलेल्या नत्राची, आणि कचरा, चिपाड किंवा भुसा जाळणाऱ्यांना खरी काळजी हिचीच करायची असते.

याचे कारण सोपे आहे. गाळपातून आलेल्या बगॅसमध्ये जवळपास निम्मे पाणी असते, त्यामुळे त्याची ज्वाला पहिल्या वाटेला लागणाऱ्या तापमानापर्यंत सहसा पोहोचतच नाही. तरीही मीटरवर नॉक्स दिसतो, कारण सुक्या बगॅसमध्ये सुमारे ०.३ टक्के नत्र असतो. हा आकडा क्षुल्लक वाटतो, म्हणून हिशेब करून पाहू. शंभर किलो सुक्या बगॅसमध्ये ३०० ग्रॅम नत्र आला. तो सगळाच्या सगळा नॉक्स झाला असता तर ११ टक्के प्राणवायूच्या आधारावर (हा आधार पुढे मोजणीच्या भागात सांगितला आहे) धुरात घनमीटरमागे १,००० मिलिग्रॅमच्या आसपास नॉक्स दिसला असता. प्रत्यक्षात त्यातील पाचवा हिस्सा नॉक्स होतो असे धरले तर २०० मिलिग्रॅमच्या घरात आकडा येतो. उरलेला नत्र निरुपद्रवी नत्रवायू होऊन निघून जातो. पाचवा हिस्सा नॉक्स होईल की तिसरा, हे बऱ्याच अंशी हवा कोठे आणि किती दिली यावर ठरते. पण मुळात ३०० ग्रॅम येतील की ६००, हे यार्डात ठरते.

यार्डात काय पाहावे

वरच्या शंभर किलो बगॅसमध्ये दोन किलो नायलॉन पडले असे समजा. नायलॉनमध्ये १२ टक्क्यांहून थोडा अधिक नत्र असतो, म्हणजे या दोन किलोंतून सुमारे २५० ग्रॅम नत्र आणखी आला. इंधनाचे वजन दोन टक्क्यांनी वाढले आणि नत्र जवळजवळ दुप्पट झाला. आरडीएफच्या भट्टीत दुपारी अचानक नॉक्स का उसळला याचे उत्तर पुष्कळदा अशाच एखाद्या गठ्ठ्यात सापडते.

म्हणून यार्डात माल उतरवणाऱ्या माणसाला प्लास्टिक वाईट एवढेच सांगून भागत नाही. नॉक्सच्या दृष्टीने सगळी प्लास्टिके सारखी नसतात. दुधाच्या पिशव्यांचे पॉलिथिन, खताच्या पोत्यांचे पॉलिप्रॉपिलीन आणि पाण्याच्या बाटल्यांचे पेट यांत नत्र नसतो. नायलॉनचे दोर व जाळी, ॲक्रिलिक लोकर, गाद्यांचा आणि सोफ्याचा फोम यांत मात्र तो भरपूर असतो. ॲक्रिलिकमध्ये तर पाव हिस्सा नत्रच असतो. फर्निचरच्या कारखान्यातून येणारा भुसा स्वच्छ लाकडाचा दिसतो, पण तो प्लायवुड किंवा पार्टिकल बोर्डचा असेल तर त्यातील युरिया-फॉर्मल्डिहाइड डिंकाबरोबर नत्र येतो. असा भुसा मिसळलेला पांढरा कोळसा हातात घेतल्यास साध्या भुशाच्या कोळशापेक्षा वेगळा, नाकाला झोंबणारा वास येतो. पुरवठादाराकडून माल कशाचा आहे हे लेखी घ्यावे आणि गाडी रिकामी होण्याआधी दोन कांड्या मोडून पाहाव्यात. शेंगांची टरफले आणि सोयाबीनचे भुसकट यांच्या कांड्यांतही लाकडापेक्षा नत्र जास्त असतो, त्यामुळे पुरवठा बदलल्यावर नॉक्स चढला तर लगेच मीटरला दोष देऊ नये.

आपल्या भागापुरती एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. चपलांच्या कारखान्यांतून निघणारे कातड्याचे तुकडे चांगले पेटतात, म्हणून ते कोठेतरी भट्टीत जातात. कातडे म्हणजे मुळात प्रथिन, आणि त्यात दहा टक्क्यांहून अधिक नत्र असतो. पारंपरिक कोल्हापुरी चपलेचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले असते, त्यामुळे त्यात क्रोमियम नसते. पण आज बाजारातील बराच माल क्रोमने कमावलेल्या कातड्याचा असतो आणि तो जाळला की नॉक्सबरोबर राखेत क्रोमियमचाही प्रश्न उभा राहतो. कातडे, लोकर आणि ओला खाद्यकचरा इंधनाच्या ढिगाकडे येऊच देऊ नये. खाद्यकचऱ्यात नत्र असतो आणि पाणीही असते, त्यामुळे त्याची जागा खतात किंवा बायोगॅसमध्ये आहे.

गुऱ्हाळांसाठी हाच नियम पुरतो. चुलवाणात फक्त सुके चिपाड पडावे. जुने टायर, चपला, गाद्या यांना काहीलीखाली जागा नाही, कारण तिथे धुरावर नंतर करण्यासारखा काहीच उपाय नसतो आणि वर गूळ शिजत असतो. पाचटाबाबतही तेच. त्यात सुमारे अर्धा टक्का नत्र असतो, म्हणजे हेक्टरी आठ ते दहा टन पाचट फडात पेटवून देताना चाळीस-पन्नास किलो नत्र हवेत जातो आणि त्यातील काही भाग नॉक्स होतो. तोच शेतकरी पुढच्या महिन्यात युरियाच्या पोत्यासाठी सोसायटीत रांगेत उभा असतो.

आधी मोजावे, आणि नीट मोजावे

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात सकाळच्या शिफ्टला मला फोन आला की नॉक्स आपोआप ३१० वरून २१४ मिलिग्रॅमवर उतरला आहे. कोणी काही केले नव्हते. आदल्या आठवड्यात आम्ही दुय्यम हवेवर, म्हणजे ग्रेटच्या (इंधन जळते त्या जाळीच्या) वर सोडल्या जाणाऱ्या हवेवर, काम केले होते, त्यामुळे त्याचा हा उशिरा दिसलेला परिणाम असावा असे सर्वांना वाटू लागले आणि मलाही क्षणभर तसेच वाटले. लॉगबुकात मात्र आयडी फॅनचा, म्हणजे धूर चिमणीकडे ओढणाऱ्या पंख्याचा, ॲम्पिअर रात्री दोनच्या नोंदीपासून चढलेला होता. इकॉनॉमायझरखालच्या (धुराच्या उष्णतेने बॉयलरचे पाणी तापवणाऱ्या भागाखालच्या) राखेच्या हॉपरच्या दाराची फट बंद ठेवणारी दोरी जळून गळून पडली होती आणि त्या फटीतून बाहेरची हवा शिट्टीसारखा आवाज करत आत ओढली जात होती. आधी धुरात ८ टक्के प्राणवायू होता, आता १२ टक्के झाला होता. धुरात पाणी घातल्यासारखी हवा मिसळली होती, इतकेच.

यासाठी प्रत्येक आकडा ठरावीक प्राणवायूवर आणून लिहावा. सूत्र असे: २०.९ मधून संदर्भाचा प्राणवायू वजा करावा, त्याला २०.९ वजा मोजलेला प्राणवायू याने भागावे आणि आलेल्या गुणकाने मोजलेल्या नॉक्सला गुणावे. कचरा जाळणाऱ्या भट्ट्यांसाठी संदर्भ ११ टक्के असतो. वरच्या उदाहरणात आधीचे ३१० गुणिले ९.९ भागिले १२.९ म्हणजे २३८ आणि नंतरचे २१४ गुणिले ९.९ भागिले ८.९ म्हणजेही २३८. एक मिलिग्रॅमही कमी झाला नव्हता.

२०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत कचरा जाळणाऱ्या भट्टीसाठी आणि त्याच वर्षीच्या जैववैद्यकीय कचरा नियमांत इन्सिनरेटरसाठी नॉक्सची मर्यादा ४०० मिलिग्रॅम प्रति घनमीटर ठेवली होती, तीही ११ टक्के प्राणवायूवर. इतर बॉयलरसाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रातील अट प्रमाण मानावी. तुमचे मीटर पीपीएममध्ये दाखवत असेल तर तो आकडा नायट्रोजन डायऑक्साइड धरून मिलिग्रॅममध्ये आणताना संदर्भ तापमान २५ अंश असल्यास १.८८ ने आणि शून्य अंश असल्यास २.०५ ने गुणावे. अटीत कोणते तापमान धरले आहे ते पाहूनच गुणक घ्यावा, कारण या एका गोष्टीने नऊ टक्क्यांचा फरक पडतो.

नमुना शक्यतो इकॉनॉमायझरच्या बाहेर आणि एअर प्रीहीटरच्या, म्हणजे धुराच्या उष्णतेने हवा तापवणाऱ्या भागाच्या, आधी घ्यावा, कारण जुन्या प्रीहीटरच्या नळ्या हमखास गळतात. प्रोबची नळी डक्टच्या मध्यापर्यंत जावी. भिंतीलगतचा धूर प्रतिनिधी नसतो. नळीत पाणी साचू देऊ नये, कारण नायट्रोजन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो आणि आकडा कमी येतो. मीटरला दर वेळी मोकळ्या हवेत शून्य करावे. मोकळ्या हवेत म्हणजे बॉयलर हाऊसच्या बाहेर. मी राख ओढणाऱ्या कन्व्हेअरशेजारी उभे राहून शून्य केलेली मीटरे पाहिली आहेत.

हवेची वाटणी

इंधनातील नत्र तापल्यावर आधी अमोनिया आणि हायड्रोजन सायनाइड अशा रूपात बाहेर पडतो. त्या क्षणी आसपास भरपूर प्राणवायू असेल तर त्याचा नॉक्स होतो आणि प्राणवायूची टंचाई असेल तर त्यातील बराचसा नत्रवायूत बदलतो. सगळी कला यात आहे: ग्रेटवर आणि तिच्या लगेच वर हवा थोडी कमी ठेवायची, तिथे नत्राची विल्हेवाट लावून घ्यायची आणि अर्धवट जळलेला वायू वर चढल्यावर दुय्यम हवेच्या जोरदार झोतांनी पूर्ण जाळायचा.

यासाठी सुरुवात एकूण हवेपासून करावी. बगॅसच्या बॉयलरला भट्टीच्या बाहेर ४ ते ६ टक्के प्राणवायू पुरेसा असतो. ५ टक्के म्हणजे गरजेपेक्षा सुमारे ३० टक्के जादा हवा झाली. पुष्कळ ठिकाणी फायरमन ९-१० टक्क्यांवर चालवतो, कारण त्याला बगॅसचा फीडर अडकून अचानक मोकळा झाला तर काळा धूर नको असतो आणि धुरासाठी बोलणी त्यालाच खावी लागतात. त्याची भीती खरी आहे. म्हणून आधी फीडर दुरुस्त करावेत, सर्व फीडरमधून माल सारखा पडतो आहे का ते पीपहोलमधून पाहावे, दारे आणि सील बंद करावेत आणि मगच हवा कमी करण्याचा विषय काढावा. असमान पडलेल्या बगॅसवर हवेची बारीक वाटणी करणे व्यर्थ आहे: एका कोपऱ्यात ग्रेट उघडी पडून पांढरी झगझगीत ज्वाला दिसते, दुसऱ्या कोपऱ्यात काळा ढीग धुमसतो आणि मीटरवर दोन्हींची सरासरी चांगली दिसते.

भट्टी सरळ झाल्यावर चाचणी घ्यावी. वाफेचा भार आणि इंधन किमान दोन तास स्थिर राहील अशी वेळ निवडावी. मिल बंद-चालू होत असेल त्या दिवशी हा खटाटोप करू नये. ग्रेटखालची हवा आणि दुय्यम हवा यांचे प्रमाण समजा ७० आणि ३० आहे. एफडी फॅनचा (ग्रेटखाली हवा देणाऱ्या पंख्याचा) डॅम्पर थोडा मिटून व एसए फॅनचा (दुय्यम हवेच्या पंख्याचा) तेवढाच उघडून ते ६५-३५ वर आणावे, वीस मिनिटे थांबावे आणि प्राणवायू, कार्बन मोनॉक्साइड, नॉक्स, भट्टीचे तापमान व ड्राफ्ट (धुराची ओढ) लिहावे. मग ६०-४० करून पुन्हा तेच करावे. वीस मिनिटांची घाई कोणी करू नये, कारण ग्रेटवरील थर बदलायला तेवढा वेळ लागतो आणि पाच मिनिटांनी घेतलेला आकडा जुन्या थराचा असतो. वाटणी ठरली की एकूण प्राणवायू अर्ध्या अर्ध्या टक्क्याने खाली आणावा. नॉक्स हळूहळू उतरत जाईल, कार्बन मोनॉक्साइड बराच वेळ जागचा हलणार नाही आणि मग एका टप्प्यावर तो एकदम उसळेल. त्या टप्प्याच्या एक टक्का वर जो प्राणवायू असेल तो आपला चालवण्याचा आकडा. तो कागदावर लिहून पॅनेलवर चिकटवावा, भाराप्रमाणे वेगवेगळा.

दुय्यम हवेचा दाब कमी पडू देऊ नये. हवा पुष्कळ पण झोत लेचापेचा असेल तर तो भट्टीच्या मध्यापर्यंत पोहोचत नाही, भिंतीलगत सरकत वर जातो आणि मधला वायू तसाच निसटतो. नोझल राखेने बुजलेले असतात, ते आधी साफ करावेत. ग्रेटखालची हवाही एका मर्यादेपलीकडे कमी करता येत नाही, कारण ग्रेटच्या पट्ट्यांना थंडावा त्याच हवेने मिळतो. पट्ट्या लालसर दिसू लागल्या किंवा क्लिंकरचे (वितळून घट्ट झालेल्या राखेचे) गोळे होऊ लागले की मागे यावे.

एवढ्यानेही भागले नाही आणि जागा असेल तर थंड झालेल्या धुराचा दहा ते वीस टक्के भाग सायक्लोन किंवा ईएसपीनंतर, म्हणजे धुरातील राख वेगळी करणाऱ्या यंत्रानंतर, उचलून भट्टीत परत देता येतो. त्याने ज्वालेचे तापमान आणि तेथील प्राणवायू दोन्ही उतरतात. ओल्या बगॅसवर याचा लाभ माफक असतो. कोरडे आरडीएफ, पांढरा कोळसा किंवा गॅसवर तो चांगला दिसतो. फाउंड्रीतील गॅसवर चालणाऱ्या हीट ट्रीटमेंट भट्ट्यांचा प्रश्न मात्र निराळा आहे, कारण त्यांच्या इंधनात नत्र जवळपास नसतोच आणि सगळा नॉक्स तापमानातून येतो. तिथे कमी नॉक्सचा बर्नर आणि ज्वालेचे तापमान एवढ्याच दोन गोष्टींकडे पाहावे. जैववैद्यकीय इन्सिनरेटरमध्येही हाच धडा लागू आहे. दुय्यम कक्ष १,०५० अंशांवर, पन्नास अंश अधिक-उणे, ठेवायचा असतो. सुरक्षिततेसाठी म्हणून डिझेलचा बर्नर सतत चालू ठेवून तो १,२०० वर नेणारे चालक डिझेल आणि नॉक्स दोन्ही वाढवतात.

युरियाची फवारणी

हवा आणि इंधन दोन्ही नीट करूनही आकडा मर्यादेच्या फार जवळ राहत असेल तर एसएनसीआर, म्हणजे भट्टीत युरियाचे पाणी फवारण्याची पद्धत, वापरावी. युरिया तापून त्याचा अमोनिया होतो आणि तो नायट्रिक ऑक्साइडला नत्रवायू व पाण्याची वाफ यांत बदलतो. हे फक्त ८५० ते १,०५० अंशांच्या पट्ट्यात नीट घडते. त्याखाली अमोनिया न वापरता चिमणीकडे निघून जातो. १,१०० च्या वर गेल्यास अमोनियाच जळून नॉक्स बनतो, म्हणजे पैसे देऊन आपण नॉक्स विकत घेतो.

त्यामुळे सर्वांत महत्त्वाचे काम फवारणीची जागा शोधण्याचे आहे. उघडा थर्मोकपल भट्टीत घातला तर पाण्याच्या नळ्यांच्या थंड भिंतींकडे उष्णता टाकून तो वायूच्या खऱ्या तापमानापेक्षा बरेच कमी दाखवतो, आणि त्या आकड्यावर नोझल बसवले तर ते खूप खाली, जास्त गरम जागी बसतात. वायू ओढून मोजणारा सक्शन पायरोमीटर भाड्याने आणावा आणि पूर्ण, पाऊण व अर्ध्या भारावर वेगवेगळ्या उंचीवर मोजावे. भार उतरला की योग्य पट्टा खाली सरकतो, म्हणून नोझलच्या दोन पातळ्या ठेवणे शहाणपणाचे ठरते. भट्टीच्या भिंतीत भोक पाडताना पाण्याच्या नळ्यांना हात लागणार असेल, त्या वाकवाव्या लागणार असतील, तर बाष्पके संचालनालयाच्या मंजुरीशिवाय एकही वेल्डिंग करू नये.

मात्रेचा हिशेब हाताने करता येतो. समजा कोरडा धूर तासाला ३०,००० घनमीटर आहे आणि त्याच आधारावर नॉक्स ३५० मिलिग्रॅम आहे, म्हणजे तासाला साडेदहा किलो. एक किलो नॉक्सला सिद्धान्ताने ०.६५ किलो युरिया लागतो, म्हणून ६.८ किलो. प्रत्यक्षात दीडपट घालावा लागतो, म्हणजे तासाला सुमारे दहा किलो. एवढ्यातून लहान-मध्यम बॉयलरवर तीस ते पन्नास टक्के घट मिळाली तर काम चांगले झाले असे समजावे. दुप्पट युरिया घालून दुप्पट घट मिळत नाही. अमोनिया मात्र जास्त निसटतो.

युरिया औद्योगिक प्रतीचाच घ्यावा. सोसायटीतले ४५ किलोचे निंबोळी लेप असलेले पोते अनुदानाचे असते, ते शेतासाठी आहे आणि उद्योगात वापरणे हा खत नियंत्रण आदेश, १९८५ नुसार गुन्हा आहे. शिवाय तो लेप गाळणी आणि नोझल बुजवतो. विरघळवण्यासाठी कंडेन्सेट (वाफ थंड होऊन झालेले पाणी) किंवा आरओचे पाणी वापरावे, कारण बोअरच्या जड पाण्याचे क्षार नोझलच्या तोंडाशी जमतात. टाकी, पाइप आणि व्हॉल्व्ह स्टेनलेस स्टीलचे असावेत. पितळ चालत नाही. युरिया विरघळताना पाणी गार पडते, ड्रमला बाहेरून हात लावला तरी ते जाणवते. पन्नास टक्क्यांचे दाट द्रावण १७-१८ अंशांलाच खडे धरू लागते आणि आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा त्याखाली जातो, म्हणून साठवणीचे द्रावण ३० ते ४० टक्क्यांचेच ठेवावे आणि फवारताना दहा टक्क्यांपर्यंत पातळ करावे.

अमोनिया निसटतो आहे का हे पाहण्याची एक जुनी, बिनखर्चाची रीत आहे. सायक्लोन किंवा ईएसपीखालची राख थंड झाल्यावर पत्र्यावर मूठभर घ्यावी आणि तिच्यावर पाणी शिंपडावे. चिपाडाची राख अल्कधर्मी असते, त्यामुळे तिला चिकटलेला अमोनिया लगेच सुटतो आणि स्वच्छतागृहासारखा उग्र वास येतो. वास आला की मात्रा कमी करावी किंवा वरच्या पातळीचे नोझल बंद करून खालचे उघडावेत. चिमणीच्या तोंडापासून थोड्या अंतरावर पांढरा पट्टा उमटत असेल तर तोही निसटलेल्या अमोनियाचा आणि धुरातील क्लोरीनच्या आम्लाचा क्षार असू शकतो. आरडीएफवर तो जास्त दिसतो. इंधनात गंधक असेल तर हाच अमोनिया एअर प्रीहीटरच्या नळ्यांत चिकट थर धरतो, आणि हंगामाच्या मध्यावर ड्राफ्ट कमी पडू लागला की तो लक्षात येतो.

उत्प्रेरकाची पद्धत, म्हणजे एससीआर, ३०० ते ४०० अंशांवर ८० टक्क्यांहून अधिक घट देते, पण बगॅस आणि पाचटाच्या राखेतील पोटॅशियम उत्प्रेरकाला लवकर निकामी करते. आपल्या आकाराच्या बॉयलरला मी ती सुचवत नाही.

फवारणी चालू करताना आणि थांबवताना क्रम पाळावा. भट्टीचे तापमान ८५० च्या वर पंधरा मिनिटे स्थिर राहिल्याशिवाय पंप सुरू करू नये. आधी हवा, मग साधे पाणी, मग युरिया. थांबवताना उलटे: युरिया बंद, दहा मिनिटे साधे पाणी, मग पाणी बंद आणि अणूकरणाची, म्हणजे पाण्याचे बारीक तुषार करणारी, हवा नोझल भट्टीबाहेर ओढेपर्यंत चालूच. नोझल आत राहून हवा बंद झाली तर त्याचे तोंड काही मिनिटांत जळते आणि पुढच्या वेळी फवारा न उडता धार पडते. ती धार नळीवर पडली तर नळी तिथेच पातळ होत जाते. म्हणून दर आठवड्याला प्रत्येक नोझल बाहेर काढून बादलीवर धरावा, पाणी सोडून फवाऱ्याचा शंकू सारखा पडतो का ते पाहावे, आणि ज्याची धार पडेल तो त्याच शिफ्टला बदलावा.